विचित्र कुटुंबं आणि भाड्याची खोली

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात, हल्लीच्या कथा-मालिकांमधली कुटुंबं विचित्र झाली आहेत आणि नीतिमत्ता ढासळल्यामुळे हे घडतंय, असा सूर आहे. मला तो पटला नाही. आपल्याकडची कितीतरी विचित्र कुटुंबं जागेच्या टंचाईतून जन्माला आली आहेत.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. चार पुरुष एका छपराखाली राहायला तयार आहेत, एकमेकांना सांभाळून घेताहेत. पण लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते फक्त जोडपी. मग दोघं साड्या नेसतात, धनंजय माने परशाला बायको म्हणून पुढे करतो आणि पुढे या पार्वतीचं डोहाळजेवणही थाटात होतं! हसता हसता आपण विसरतो की हा संसार उभा राहिला तो घरमालकिणीच्या अटीमुळे. (मालकांचीही बाजू आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, आत शिरलेला भाडेकरू हलेना. मग ते पारखून घेणारच.)

त्याआधीच्या 'मुंबईचा जावई'मध्ये (१९७०) भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. हिंदीतला 'घरौंदा' (१९७७) तर अंगावर येतो. बिल्डरनं फ्लॅटचे पैसे बुडवल्यावर सुदीप आपल्या प्रेयसीला सुचवतो, की ऑफिसच्या हृदयरोगी मालकाशी लग्न कर, तो काही फार दिवसांचा सोबती नाही. ती लग्न करते, म्हातारा ठणठणीत होतो आणि ती त्याच्या घरात रमते. नीतीवर व्याख्यान द्यायचंच तर आधी बिल्डरला बसवावं समोर.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीतही (२००६) सगळं सुरू होतं ते पेइंग गेस्टला दिलेल्या खोलीपासून. घरातला मुलगा आणि मुलगी, दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. इथे मात्र केवळ जागेचं कारण पुरत नाही, हे मान्य. तरी ती खोली भाड्यानं दिलीच नसती, तर जोशी कुटुंब चारचौघांसारखंच दिसत राहिलं असतं. आतून कसं होतं, हे कुणाला कळलं असतं?

लेखकमहाशयांनी आपल्याच दैनिकातल्या छोट्या जाहिराती एकदा नजरेखालून घालाव्यात. 'फक्त फॅमिलीसाठी, बॅचलर क्षमस्व' हे वाक्य आजही तिथे छापून येतं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली