माईंचे आमेन

पुणे,
१४ जुलै

प्रिय अशोक,
सप्रेम सलाम.

माझी साखर ठीक आहे, गुडघा ठीक नाही, आणि दोन्हींबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पत्राचे कारण आहे परवाची आमच्या घरची उपकारस्तुती, पानशेतच्या पुरातून वाडा वाचल्याबद्दल दर जुलैला होणारी ती आभाराची प्रार्थना. फोनवर सांगितले असते तर तू मध्येच हसला असतास आणि विषय तिथेच संपला असता.

या वर्षी तुझ्या माई आल्या होत्या. नलूने त्यांना रिक्षाने आणून मधल्या खोलीत खुर्चीवर बसवले. गीत झाले, शास्त्रपाठ झाला, आणि नव्वदीला टेकलेल्या काकांनी नेहमीप्रमाणे उभे राहून प्रार्थना सुरू केली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, नदीकाठची घरेच्या घरे कोसळली. ‘परंतु हे प्रभो, तू आपल्या लेकरांच्या उंबऱ्याला पाणी शिवू दिले नाहीस, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यात आमची गणना केली नाहीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो.’ हे वाक्य तू आणि मी लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि बिर्याणीच्या पातेल्याकडे लक्ष ठेवून त्याला आमेनही म्हणत आलो आहोत. (आबांची प्रार्थना याच्या निम्मी असे, कारण त्यांना बिर्याणी गार झालेली खपत नसे.) परंतु नारायण पेठेतले बिऱ्हाड पाण्यात गेलेली, पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल निसेन हटमध्ये दिवस काढून मग गोखलेनगरात संसार पुन्हा उभा केलेली बाई समोर बसलेली असताना तेच वाक्य ऐकवेना. मी डोळे उघडून पाहिले. माई मान खाली घालून ऐकत होत्या, आणि शेवटी सर्वांत स्पष्ट ‘आमेन’ त्यांचेच होते.

ते आमेन माझ्या डोक्यातून जात नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात मंदिरात उभा राहून ‘हे देवा, मी या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे आभार मानतो’ म्हणणारा तो धर्मनिष्ठ परूशी, त्याच्यावरून क्वार्टर गेटजवळ चहा पिताना झालेले आपले भांडण तुला आठवत असेल. तू तरातरा निघून गेलास आणि दोन्ही चहांचे पैसे मी दिले. तुझे म्हणणे असे की तो माणूस एक शब्दही खोटा बोलत नाही. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, आणि वर श्रेय स्वतःकडे न घेता देवाचे आभार मानतो, मग त्याला ढोंगी कशावरून म्हणायचे? आज मला वाटते, त्याच्या आभाराला जकातदार लागतो, यावरून. मागे उभा असलेला तो माणूस वगळला तर आभार मानण्याजोगे त्याच्यापाशी काही उरत नाही, उपास आणि दशांशाचा हिशेब तेवढा राहतो. लूकने याच्या आदल्याच अध्यायात येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट दिली आहे; त्यांतला एकच, परका शोमरोनी, आभार मानायला परत येतो. ‘ते नऊ जण कोठे आहेत?’ हा प्रश्न येशू विचारतो. परत आलेला शोमरोनी त्या नऊ जणांचे नावही काढत नाही. ‘ते आले नाहीत, मी मात्र आलो,’ असे तो म्हणाला असता तर त्याचा परूशी व्हायला कितीसा वेळ लागला असता?

आता खरी अडचण ऐक. काका ढोंगी नाहीत. पूर ओसरल्यावर तुमच्या खोलीतला चिखल उपसायला तेच आले होते, हे माईंनीच आपल्याला सांगितले आहे. मग अशा माणसाच्या तोंडी ही प्रार्थना इतकी वर्षे बिनबोभाट कशी राहिली? आमचा वाडा वाचला तो चढावर होता म्हणून, आणि तो चढ काही आमच्या भक्तीने तयार झालेला नव्हता. देव नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असे डोंगरावरील प्रवचनात वाचायचे आणि धरणाचे पाणी मात्र आमची मंडळी पाहून वळले असे सुचवायचे, हे मला जमत नाही. आणि ज्या जवानांनी रात्री पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवले, त्यांचे नाव आमच्या प्रार्थनेत मी एकदाही ऐकलेले नाही. तेच पाणी रात्री झोपेत आले असते तर माई तुम्हा पोरांना घेऊन बाहेर पडू शकल्या असत्या का?

इथे मला शंका येते की माईंचे आमेन त्या सकाळसाठी असावे. काका आपल्या उंबऱ्याचे बोलत होते आणि त्या आपल्या लेकरांचे ऐकत होत्या. तसे असेल तर परवाच्या खोलीत खरी उपकारस्तुती त्यांनीच केली. की यजमानाचे मन मोडू नये म्हणून त्या आमेन म्हणाल्या? की ती नुसती सवय? निरोप घेताना त्यांनी काकांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता, पण त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. त्या तुझ्या आई आहेत. तुला ठरवता येईल. मी विचारले तर ‘तू जेवलास का नीट?’ एवढेच उत्तर मिळेल.

चारूच्या बाळाचे बारसे झाले का? मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. नव्या घरमालकाशी भांडू नकोस. भांडायचे असेल तर पुण्यास ये.

काकांना आता फार वेळ उभे राहवत नाही, त्यामुळे पुढच्या जुलैची प्रार्थना त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. वाडा वाचल्याचे आभार मानायचे की नाही, हेच मला अजून ठरवता आलेले नाही. माई त्या दिवशीही येणार म्हणतात. तेव्हा त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोल, आणि त्या काय म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहून पाठव. स्वतःची मते वेगळ्या कागदावर लिही.

तुझा,
शशी