फ्लूट वाजवणाऱ्या मुलीस पत्र

ठाणे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

परीक्षेसाठी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘ल मेर्ल न्वार’, म्हणजे काळा कस्तूर पक्षी, ही फ्लूट आणि पियानोची रचना तू निवडलीस हे वाचून बरे वाटले. ती मुळात परीक्षेसाठीच जन्मली: पॅरिसच्या संगीत महाविद्यालयातील फ्लूटवादकांच्या वार्षिक स्पर्धेकरिता मेसियाँ यांनी ती लिहिली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जेमतेम सहा मिनिटांत वादकाचा दम आणि जिभेची चपळाई पुरती जोखली जाते.

एकट्या फ्लूटचा भाग मोकळा आहे, म्हणून तो मनाप्रमाणे लांबवते-आखडते, असे तू लिहितेस. हे मला पटत नाही. येऊरच्या डोंगरपायथ्याशी उन्हाळ्यात पहाटे दयाळ पक्षी गातो तो नीट ऐकला, तर त्यात सैलपणा कुठेच आढळत नाही. एक आखूड ओळ, मग थांबा, मग तीच ओळ शेवटाला निराळी मुरड घालून, आणि पुन्हा थांबा. युरोपातील कस्तूरही असाच आखूड ओळी आणि थांबे घेत गातो. मेसियाँ रानात वही घेऊन बसत आणि पक्ष्यांचे अतिद्रुत, अतितार गाणे माणसाच्या वाद्याला झेपावे म्हणून खालच्या स्वरांत व संथ करून लिहीत. अशा माणसाने लिहिलेला थांबा म्हणजे श्वास घेण्याची सवलत नव्हे. तोही गाण्याचाच भाग आहे. सर्वांत लहान मात्रा धरून सगळे मोज. विषम मात्रांचे हे गणित आपल्याला परके नाही, कारण मेसियाँ यांनी ज्या १२० देशी तालांचा अभ्यास केला ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेला. (तुझ्या तबल्याच्या वर्गाची फी अशी वसूल होईल, असे आईला वाटले नव्हते.)

दुसरी गोष्ट पियानोची. आरंभी खालच्या सप्तकात जी गुरगुर होते तिच्यावर पेडल दाबलेले असते. तारांना गप्प करणाऱ्या गाद्या उचललेल्या राहतात, त्यामुळे बोटे थांबली तरी नाद रेंगाळतो. त्या विरणाऱ्या नादातच तुझा पहिला स्वर उमटायला हवा. तो पुरता ओसरेपर्यंत थांबलीस, तर दोन वाद्ये एकमेकांना अनोळखी वाटतील. पुढच्या संथ भागात तुझीच धून पियानो मागाहून उचलतो, तेव्हा आपली ओळ संपवण्याची घाई करू नकोस. शेवटचा वेगवान भाग मला तितकासा भावत नाही. तेथेही पेडल दाबलेलेच असते आणि साथीदाराने हात हलका ठेवला नाही, तर फ्लूट बुडते. हे त्याला आधीच सांगून ठेव.

रविवारी फोन करशील तेव्हा एकट्या फ्लूटचा भाग मात्रा मोजून वाजवून दाखव. मी इकडे टाळी धरीन.

तुझा,
बाबा