पहिली-दुसरीच्या मुलांचे फेकणे-झेलणेही तपासा

महोदय,

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया उपक्रमातील शालेय तंदुरुस्ती चाचण्यांत पहिली ते तिसरीच्या, म्हणजे ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनावरून काढायचा बीएमआय, फ्लेमिंगो तोल चाचणी (अरुंद पट्टीवर एका पायावर उभे राहणे) आणि प्लेट टॅपिंग (टेबलावरच्या दोन चकत्यांना एका हाताने आळीपाळीने भराभर स्पर्श करणे) एवढेच आहे. तोल आणि हाताची चपळाई त्यातून कळते. पण या वयात मुलाला शिकायची असतात ती धावणे, उडी, लंगडी, फेकणे, झेलणे ही कारक, म्हणजे हालचालींची, कौशल्ये. पुढे नवव्या वर्षापासून ५० आणि ६०० मीटर धावण्याची वेळ नोंदतात. फेकणे-झेलणे मात्र शेवटपर्यंत कुणी तपासत नाही.

आहेत त्या चाचण्याही अनेकदा नीट होत नाहीत. फ्लेमिंगोसाठी ५० सेंमी लांब, ५ सेंमी उंच आणि फक्त ३ सेंमी रुंद लाकडी पट्टी लागते. गावातला सुतार ती सहज करून देईल. पट्टी नाही म्हणून मुलांना जमिनीवरच एका पायावर उभे केले की सगळा वर्ग हुशार ठरतो. तोल गेला की घड्याळ थांबवायचे, मूल पुन्हा उभे राहिले की चालू करायचे आणि अशी ६० सेकंदे भरेपर्यंत तोल किती वेळा गेला ते मोजायचे. घड्याळ तसेच पळू दिले, तर सावरायला वेळ लावणाऱ्या मुलाचाच आकडा चांगला दिसतो. प्लेट टॅपिंगचे टेबल मुलाच्या बेंबीच्या जरा खाली हवे. शिक्षकांच्या टेबलाशी पहिलीतले मूल खांदे वर ओढून हात मारते आणि टेबलाची उंची त्याच्या नावावर संथपणा म्हणून लागते.

फेकणे तपासायला काहीच विकत आणावे लागत नाही, एक टेनिसचा चेंडू सोडला तर. भिंतीपासून ६ मीटरवर फक्कीने रेषा आखा आणि ‘जोरात मार’ म्हणा. आपण बाजूला उभे राहून चारच गोष्टी पाहायच्या: हात आधी खाली-मागे जातो का, कंबर आणि खांदा वळून दुसरी बाजू भिंतीकडे येते का, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे पडतो का, चेंडू सुटल्यावर हात अंगावरून पलीकडे जातो का. दिसले तर १, नाही तर ०. आधी करून दाखवायचे, एक फेक सरावाची, पुढच्या दोन गुणांच्या. एकूण ८ गुण. अमेरिकेतील डेल उलरिच यांची टीजीएमडी ही मुलांची कारक कौशल्ये तपासणारी चाचणी याच रीतीने चालते आणि ती ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठीच आहे.

इथे हमखास दिसणारी चूक म्हणजे उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे. मूल भिंतीकडे छाती करून उभे असते, त्यात समोर जवळच लहानसे लक्ष्य ठेवलेले. नेम चुकेल म्हणून ते चेंडू फेकत नाही, ढकलते. काही दिवस लक्ष्य काढून टाका. डावा खांदा भिंतीकडे येईल अशी दोन पावले फक्कीने आखून द्या आणि तिथून डावा पाय टाकून लांब फेकू द्या. आधी जोर, मग नेम.

झेलताना चेंडू छातीशी दाबणारे मूल बहुधा तोंडही फिरवते. ‘चेंडूकडे बघ’ असे कितीही ओरडले तरी उपयोग नाही. चेंडू लागतो तोवर मान वळणारच. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू करा, २ मीटरवरून खालून हळू टाका, हातात बसायला लागला की अंतर वाढवा.

लंगडीला तर फक्त मोकळी जागा पुरे. आधी एका, मग दुसऱ्या पायावर सलग चार-चार उड्या घ्यायला लावून पाहा. वरचा पाय हाताने धरायला लावू नका. तो झुलला तरच पुढे जोर मिळतो. टाच धप्प वाजली, तर गुडघा ताठ आहे.

हे सगळे सरावाने येते, नुसते वय वाढून नाही, आणि सराव कुठे बुडतो ते मैदानावरच्या रांगेत दिसते. ४० मुले, एक चेंडू, प्रत्येकाला १५ सेकंद: एक फेरी १० मिनिटांची, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येकाच्या तीन फेका. दहा चेंडू, चौघांचा गट केला तर तीस. चेंडू मुलांना आणि दोरी मुलींना ही वाटणीही थांबली पाहिजे. मुलींचे फेकणे मागे राहते त्यामागे हातात चेंडू न येणे हे मोठे कारण आहे.

वर्षभर असा सराव होऊनही एखादे मूल सतत अडखळत असेल, शर्टाची बटणे लावतानाही झगडत असेल, तर त्याला वेंधळे म्हणू नये. शालेय वयाच्या शंभरातील पाच-सहा मुलांना हालचालींचा मेळ साधण्याची विकासात्मक अडचण असते. पालकांना बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या कामांतल्या हालचाली जमवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवावे.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच, की प्रत्येक प्राथमिक वर्गाला दहा चेंडू द्यावेत, दोन्ही सत्रांत प्रत्येकी एकदा फेकणे, झेलणे, लंगडी आणि उडीची अशी तपासणी ठेवावी आणि वर्णनात्मक नोंदीत ‘खेळात आवडीने भाग घेतो’ या साच्याऐवजी ‘फेकताना उजवाच पाय पुढे टाकतो, मोज्याचा चेंडू हातात झेलतो’ असे लिहायला सांगावे.

— एक शारीरिक शिक्षण शिक्षक, सातारा