प्रकाशाच्या वेगावर शंका घ्या, पण नेमक्या जागी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रकाशाचा वेग स्थिर असतो हे आइन्स्टाइन यांनी सिद्ध केले नाही, नुसते गृहीत धरले, असा आक्षेप घेणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. गृहीत धरले हे खरे आहे. सापेक्षतेवरच्या १९०५च्या निबंधात ते उघडपणे गृहीतक म्हणूनच मांडले आहे. पण म्हणून ते आजही तपासल्याविना पडून आहे, हे लेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही.

धावत्या गाडीतून फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, मग धावत्या दिव्याच्या प्रकाशाला का मिळू नये, असे लेखक विचारतात. प्रश्न चांगला आहे. १९०८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर रिट्झ यांनी हीच कल्पना गंभीरपणे मांडली होती, आणि पृथ्वीच्या गतीने प्रकाशाच्या वेगात फरक पडतो का हे पाहणाऱ्या एकट्या मायकेल्सन-मोर्ले प्रयोगाने ती खोटी ठरत नाही, इथपर्यंत लेखकाचे बरोबर आहे. ती अडली ताऱ्यांपाशी. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश जलद आणि दूर जाताना मंद निघत असता, तर एवढ्या लांबच्या वाटेत मागून निघालेल्या जलद प्रकाशाने आधीच्या मंद प्रकाशाला गाठले असते. एकच तारा एकाच वेळी दोन ठिकाणी दिसला असता. तसे दिसत नाही, हे खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांनी १९१३ मध्ये दाखवले.

यावरही पुढे भौतिकशास्त्रज्ञ जॉन फॉक्स यांनी शंका काढली. वाटेतला विरळ वायू प्रकाश शोषून पुन्हा सोडत असेल, तर ताऱ्याच्या वेगाची खूण तिथेच पुसली जाईल. शंका रास्त होती, म्हणून ती कोणी झटकून टाकली नाही. १९७७ मध्ये केनेथ ब्रेचर यांनी क्ष-किरण सोडणारे तारे घेतले, कारण त्या किरणांवर वायूचा परिणाम फारच कमी होतो. उत्तर बदलले नाही. त्याआधी १९६४ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणाऱ्या पायॉन या अतिसूक्ष्म कणांमधून निघालेल्या गॅमा किरणांचा, म्हणजे प्रकाशाच्याच एका प्रकाराचा, वेग मोजला गेला. चेंडूचा हिशेब लावला तर तो जवळजवळ दुप्पट यायला हवा होता. तो प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाइतकाच भरला.

शंका घ्यायचीच असेल तर खरी जागा दुसरीच आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही याचे मला वाईट वाटले. प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८४९ मध्ये ७२० दात्यांचे चाक फिरवले. दोन दात्यांमधल्या फटीतून निघालेला प्रकाश साडेआठ किलोमीटरहून थोड्या लांबच्या आरशावर आपटून परत यायचा. चाक सेकंदाला सुमारे १२.६ फेरे घेऊ लागले की परतलेल्या प्रकाशाच्या आड पुढचा दाता यायचा आणि समोर अंधार व्हायचा. त्यावरून वेग आला सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर. पण हा जाऊन-येऊन मिळून सरासरी वेग झाला. जाताना आणि येताना तो सारखाच होता, हे कशावरून? एका बाजूचा वेग मोजायला दोन टोकांना दोन घड्याळे हवीत आणि ती जुळलेली हवीत. प्रकाशाचा संकेत पाठवून जुळवावीत तर ज्याचा शोध घ्यायचा तेच आधी मानावे लागते. एकत्र जुळवून एक घड्याळ पलीकडे न्यावे, तर चालत्या घड्याळाचा काळ मंदावतो आणि त्याच्या हिशेबात पुन्हा तेच गृहीतक येते. दोन्ही दिशांना लागणारा वेळ आपण व्याख्येनेच समान मानतो, असे आइन्स्टाइन यांनीच त्या निबंधात लिहिले आहे. ही निव्वळ सोय आहे की निसर्गाचे वास्तव, यावर तत्त्वज्ञांचे आजही एकमत नाही.

माझी विनंती एवढीच, की लेखकांनी आपल्या पर्यायी सूत्रात १९६४च्या त्या पायॉनांचा वेग घालून गॅमा किरणांचा वेग किती येतो, तो आकडा पुरवणीत द्यावा. मी तो मनापासून पडताळून पाहीन.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक