आकडा छापलात, अटी राहिल्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाला वर्षभरात मिळालेल्या देणग्या आणि संशोधन अनुदानांची 'विक्रमी' बेरीज आपण पहिल्या पानावर छापलीत. एका सार्वजनिक विद्यापीठाच्या वित्त विभागात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे अशी बेरीज दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

पहिली गोष्ट म्हणजे या दोन रकमांची बेरीजच होत नाही. आहेर आणि मजुरी एका वहीत मांडण्यासारखं ते आहे. देणगी देणाऱ्याला बदल्यात काही मिळायचं नसतं, फार तर इमारतीवर नाव. अनुदान मात्र ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या शीर्षाखाली खर्च करायचं असतं. पैसा ठरल्याप्रमाणेच खर्च झाल्याचं 'उपयोगिता प्रमाणपत्र' द्यावं लागतं आणि बहुतेक वेळा उरलेला पैसा परत करावा लागतो. रसायनशास्त्राच्या प्रकल्पाला आलेल्या पैशातून वसतिगृहाचं गळकं छप्पर दुरुस्त होत नाही. बातमी वाचून पालक विचारतात, एवढा पैसा आला तर फी का वाढली? त्यांचा प्रश्न बरोबर आहे, बातमीची मांडणी चूक आहे.

त्यात पाच वर्षांत द्यायच्या रकमेचा शब्द मिळाला की सगळी रक्कम पहिल्याच वर्षी जाहीर होते. कायम निधीचं तर विचारूच नका. मुद्दलाला हात लावायचा नसतो, वर्षाला शंभरातले चार-पाच वापरायला मिळतात, पण मथळ्यात शंभर येतात.

अनुदान जितकं मोठं, तितका विद्यापीठाचा न दिसणारा खर्चही मोठा. वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळेची सुरक्षा, हिशेब ठेवणारी आमच्यासारखी माणसं, या सगळ्याला 'ओव्हरहेड' म्हणतात आणि देणाऱ्याला तो नेहमीच जास्त वाटतो. अमेरिकेत अनेक मोठ्या विद्यापीठांचा हा दर प्रकल्पाच्या थेट खर्चाच्या निम्म्याहून अधिक आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तो सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तेव्हा विद्यापीठं थेट न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. वस्तुरूप देणगीतही हेच होतं. आमच्याकडे एकदा एक महागडं यंत्र भेट आलं. फोटो निघाले. देखभालीचा करार कोणी करायचा हे कोणीच विचारलं नव्हतं, म्हणून ते दोन वर्षं आच्छादनाखाली उभं होतं.

हे सगळं तरी हिशेबातलं आहे. खरा मुद्दा अटींचा. करारपत्र पुढ्यात आलं की मी रकमेचं पान उलटून आधी 'प्रकाशन' हे कलम शोधत असे. पेटंटचा अर्ज करता यावा म्हणून कंपनीला शोधनिबंध साठ किंवा नव्वद दिवस आधी दाखवायचा, हे सर्रास चालतं आणि त्यात काही गैर नाही. पण एका मसुद्यात त्याच वाक्याच्या शेपटीला 'आणि कंपनीच्या संमतीने' एवढे तीन शब्द होते. नव्वद दिवस थांबणं हा उशीर झाला. संमती घेणं म्हणजे निकाल आवडला नाही तर तो कायमचा कपाटात. मी शेरा मारला, तर 'साहेब, आलेला पैसा परत घालवता का?' असं वर ऐकून घ्यावं लागलं.

मी उगाच बाऊ करत नाही. टोरंटो विद्यापीठाशी संलग्न बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या एका औषधाची चाचणी घेत होत्या. औषधाचे धोके रुग्णांना सांगायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा १९९६मध्ये अ‍ॅपोटेक्स या कंपनीने चाचणी थांबवली आणि गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून कायदेशीर कारवाईची धमकी दिली. त्याच सुमारास विद्यापीठ त्याच कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी करत होतं. देणगी आणि अनुदान कागदावर वेगळी असली, तरी कुलगुरूंच्या टेबलावर ती शेजारी-शेजारीच ठेवलेली असतात.

पैसा कुठून आला हेही पाहावं लागतं. नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०००मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीकडून ३८ लाख पौंड घेतले आणि ते कशासाठी, तर उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीच्या अभ्यासकेंद्रासाठी! 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे संपादक रिचर्ड स्मिथ यांनी त्यावरून तिथलं प्राध्यापकपद सोडलं. अर्थात पैशाचं मूळ फार खणत बसलं तर हाती थोडंच लागेल. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला, आणि तो अमेरिकी यादवीमुळे आलेल्या कापसाच्या तेजीतला पैसा होता. पण त्या देणगीने कोणता प्राध्यापक नेमायचा हे ठरवलं नाही.

जॉर्ज मेसन या व्हर्जिनियातल्या सार्वजनिक विद्यापीठात नेमकं तेच घडलं. उद्योगपती चार्ल्स कोक यांचं फाउंडेशन आणि इतर देणगीदारांशी झालेल्या काही जुन्या करारांत प्राध्यापकांच्या निवडीत देणगीदारांच्या माणसांना स्थान होतं. हे २०१८मध्ये उघड झालं आणि अध्यक्षांना ते मान्य करावं लागलं. विद्यार्थी त्याआधीपासून कागद मागत होते. पण देणग्या विद्यापीठाच्या नव्हे, तर त्याच्या 'फाउंडेशन' नावाच्या वेगळ्या खाजगी संस्थेच्या खात्यात जमा होत होत्या. ती सार्वजनिक संस्था नाही, म्हणून माहितीचा कायदा तिला लागू नाही, असा निकाल व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये दिला. विद्यापीठ जनतेचं आणि त्याची पेटी खाजगी, ही सोय किती ठिकाणी असेल, याचा आपल्या वार्ताहरांनी जरूर शोध घ्यावा.

देणगीदाराला स्वतःचं नाव गुप्त ठेवायचं असेल, तर एखाद्या शिष्यवृत्तीपुरतं ते मी समजू शकतो. पण अध्यासन (म्हणजे देणगीतून चालणारं प्राध्यापकपद), प्रयोगशाळा किंवा अख्खा विभाग ज्या पैशावर चालणार, त्याच्या अटी गुप्त कशा?

तेव्हा पुढच्या वेळी असं प्रसिद्धीपत्रक आलं की आपल्या वार्ताहराने आकड्याबरोबर करारपत्राची प्रतही मागावी. 'ती आमच्याकडे नाही, फाउंडेशनकडे आहे' असं उत्तर मिळालं, तर ते उत्तरच पहिल्या पानावर छापावं.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी