आधी काढायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागे एकदा मी सुरुवात केली, तर मधेच म्हणालात, "ते राहू दे, क्लचचं ऑइल बदललंस का?" म्हणून लिहून कळवतोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आधीच्या कुणीतरी भरपूर हात मारलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला एखादा हे वाचेल, तर तुम्ही मला दिलेलं थोडंफार त्याच्याही पदरात पडेल.

गाडी तुम्हाला नटबोल्टासकट माहीत आहे. इतरांसाठी सांगतो: पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही लोकांसमोर आली आणि १९९७पर्यंत याच रूपात बनत राहिली. दोन सीट, कापडी छत, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. बटण दाबलं की वर येणारे हेडलाइट. माझी १९९०ची, १.६ लिटरची. मूळ इंजिन ११५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, पण मी पाहिली तेव्हा तिच्यात मूळ असं फार काही उरलंच नव्हतं. टर्बो (इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), रुंद चाकं, कापलेल्या स्प्रिंगा, डॅशबोर्डवर चिकटवलेले मीटर, आणि सायलेन्सर असा की गाडीच्या आधी तिची वर्दी पोहोचायची. मी तर बघताक्षणी हरखलो होतो. तुम्ही मात्र विकणाऱ्याला फोनवर एवढंच सांगायला लावलंत, "आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका."

तिथे पोहोचल्यावर रंगाकडे, चाकांकडे ढुंकूनही न बघता तुम्ही बोनेट उघडलंत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, हात लावून बघितला. थंडगार. मग स्टार्टर मारायला सांगितलात. वरून टिकटिक ऐकू आली तसा माझा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइल चढू दे." हे टॅपेट व्हॉल्व्हजवळची फट ऑइलच्या दाबाने भरून काढतात. ऑइल चढलं, आणि टिकटिक थांबली. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पाहिलं असतं तर हे कळलंच नसतं. निळा धूर येतो का, थंड असताना इंजिन एकसारखं चालतं का, तेही नाही.

त्यानंतर तुम्ही पाण्याची बाटली मागितलीत. मला वाटलं तहान लागली असेल. तुम्ही ती सीटच्या मागे, छत जिथे पत्र्याला येऊन मिळतं त्या कोपऱ्यात हळूहळू ओतलीत आणि मला मागच्या चाकाच्या पुढे वाकून बघायला सांगितलंत. डावीकडून धार आली. उजवीकडून बराच वेळ काहीच नाही, मग काळपट पाण्याचे चार थेंब. छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात, सिलमध्ये साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. उजव्या सिलवरून तुम्ही लोहचुंबक सावकाश फिरवलात. तो सगळीकडे घट्ट चिकटला, फक्त मागच्या टोकाला तळहाताएवढ्या जागेत घसरला. तिथे पुट्टी होती. त्या तळहाताएवढ्या जागेवरून तुम्ही जो व्यवहार केलात, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्याच्याने तर तोंडही उघडलं नसतं.

टायरवरचे चार आकडे वाचायलाही तिथेच शिकलो. नक्षी खोल, रबर काळंभोर, पण बाजूला २३११ लिहिलेलं: म्हणजे २०११ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर ओल्या वळणावर दगा देतं. टायर गेले, किंमत आणखी उतरली.

कॉम्प्रेशन टेस्टसाठी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायला, तुम्ही स्वतःचा गेज घेऊन आला होतात. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोलचा पुरवठा बंद, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांना धरून आले. आकडा किती मोठा यापेक्षा चौघांत फरक किती, हे बघायचं असतं, हे मला नवीन होतं. शेवटी टॉर्च घेऊन तुम्ही क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीत डोकावलात आणि खाचा मोजल्यात. चार निघाल्या, म्हणजे जुना प्रकार. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. तिथला मोठा बोल्ट एकदा नीट कसला गेला नाही की पुली डुगडुगायला लागते, तिला जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते आणि टायमिंगच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची आणि ठिणगी पडायची वेळच, भरकटतं. इंजिन चालू ठेवून तुम्ही पुलीच्या कडेकडे बराच वेळ एकटक बघत राहिलात. कड अजिबात हलत नव्हती.

मग म्हणालात, "घे. हाड चांगलं आहे. अंगावर चढवलेलं सगळं उतरवता येतं." आणि निघता निघता विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारलात: "काढलेलं मूळ सामान कुठंय?"

हा प्रश्न मला सुचलाच नसता. त्याच्या माळ्यावर मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, एअर फिल्टरचा डबा, जुने इंजेक्टर, चारही स्प्रिंगा, सगळं धूळ खात पडलं होतं. जागा अडत होती म्हणून त्याने ते आनंदाने देऊन टाकलं. पुढचं सगळं काम त्या खोक्यांच्या जिवावर झालं.

कारण माझ्या यादीत होतं ते सगळं लावायचं होतं. टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, टर्बोचा वाढीव दाब म्हणजे बूस्ट आवरणारा नवा कंट्रोलर, आणखी काय काय. तुमच्या यादीत फक्त काढायचं. टर्बो काढ. मीटर काढ. ते इंजेक्टर काढ. "ही गाडी मुळात कशी चालते ते तुला माहीत नाही, मागच्या मालकालाही बहुतेक नव्हतं. आधी ती चालवून बघ. मग काय लावायचं ते तूच सांगशील." त्या दिवशी मी मनातून खट्टू झालो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

तुम्ही स्वतः पान्याला हात लावला नाहीत. स्टूल टाकून बसायचात आणि मी चुकीच्या दिशेला जोर लावला की नुसतं "हं" म्हणायचात. त्या "हं"ने माझे किती बोल्ट वाचवले याचा हिशेब नाही. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर कुठला ते लिहिलेलं, आणि काही उघडायच्या आधी फोटो. कंटाळवाणं काम, पण जोडताना देव आठवावा लागला नाही.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगने खाल्ला. डॅशबोर्डच्या खाली आडवं पडून वर बघितलं तर निळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा लटकत होत्या, तारेत दात रुतवून जोड देणाऱ्या. एक उघडली. आतल्या तांब्याचे निम्मे धागे तुटलेले, उरलेल्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. थांबत थांबत बंद पडणारा टेम्परेचर मीटर, मनाला येईल तेव्हा वर येणारा एकच हेडलाइट, सगळ्याचं मूळ तिथे. मी सोल्डरिंग गन काढली तर तुम्ही "हं" केलंत. सोल्डर झिरपते तिथवर तार ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून चांगल्या पकडीने दाबलेले जोड आणि वर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. तो हेडलाइट मोटरच्या बाजूच्या गोल नॉबने हाताने फिरवूनही वर आणता येतो, हेही तेव्हाच दाखवलंत. वायरिंग पुरं होईपर्यंत मी तो तसाच फिरवत होतो.

डिकीत वेगळीच गंमत. या गाडीची बॅटरी मागे, डिकीत असते आणि तिच्यातला वायू नळीने बाहेर सोडावा लागतो. कुणीतरी साधी बॅटरी ठेवली होती, नळीच नव्हती. खालचा पत्रा आम्लाने खाल्लेला. खरवडला, रंगवला, योग्य बॅटरी बसवली, संपलं.

स्प्रिंगांचं मात्र सांगितलं पाहिजे, कारण हे मी अजून भेटेल त्याला सांगत सुटतो. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापला की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. शिवाय चाक अधांतरी झालं की ती आपल्या जागेवरून सुटू शकते. त्यात शॉकअॅब्सॉर्बर मूळचेच, त्यांना हा कडकपणा झेपत नाही. मूळ स्प्रिंगा आणि नवे रबर बुश (सांध्यांतली रबरी वेष्टणं) घातले. मी बोल्ट आवळायला गेलो, पुन्हा "हं". गाडी जॅकवर असताना बुशचे बोल्ट कसले तर ती खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नुसते हाताने बसवून, गाडी चाकांवर उभी करून, मग खाली शिरून कसायचे. एवढ्या एका गोष्टीने गाडीची चाल किती सुधारली हे शब्दांत सांगता येणार नाही, तुम्ही शेजारी बसला होतात म्हणून बरं.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील हे सगळं एकदमच बदललं. तिथवर उघडलंच आहे तर अर्धं ठेवायचं नाही, हा तुमचा हट्ट मला पटला. क्रँकची खाच शाबूत निघाली तेव्हा तुम्हीही हसलात, मी पाहिलं.

आणि ती टायमिंगची, ठिणगीची वेळ लावायची संध्याकाळ. बोनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन खाचांत तुम्ही तारेचा छोटा तुकडा खोचायला लावलात. तो नसेल तर कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग पुढेमागे करत राहतो आणि आपण बघतो तो आकडा खरा नसतो. टायमिंग गनच्या उजेडात पुलीवरची पांढरी खूण थबकून उभी राहिली, ६ अंशांवर. असायला हवी १०वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. मी मागच्या मालकाच्या नावाने काहीतरी पुटपुटलो. तुम्ही म्हणालात, "नावं ठेवू नकोस. त्याने टर्बोसाठी मुद्दाम मागे नेलंय. बूस्टमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून. त्याला कळत होतं, फक्त पुरं करायला जमलं नाही." मग फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या), ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या सेन्सरचा १२चा बोल्ट सैल करून मी तो केसभर फिरवला, खूण सरकली, आणि इंजिनाचा आवाजच मऊ झाला.

दुसऱ्याचं काम असं वाचता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. प्रत्येक विचित्र जोडामागे कुणाची तरी अडचण असते, ती शोधायची आणि मग ठरवायचं ठेवायचं की काढायचं. काका, मुख्य आभार याचे आहेत. बाकी सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे.

आता आपल्या मतभेदाबद्दल. या गाडीला टर्बो लागतच नाही, असं तुमचं ठाम मत. मूळ रूपात चालवल्यावर मला ते निम्मं पटलं. वळणांच्या रस्त्यावर तिला आणखी कशाची गरज वाटत नाही. पण चढावर वाटते, म्हणून मी तो पुन्हा बसवला. मात्र या वेळी कॉम्प्युटर वेगळा. मूळ कॉम्प्युटरला बूस्ट म्हणजे काय ते माहीतच नाही, म्हणून जुन्या किटमध्ये पेट्रोलचं प्रेशर वाढवून वेळ मारून नेलेली असते. नवा कॉम्प्युटर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल व टायमिंग ठरवतो. बूस्ट ०.४ बारच्या वर जाऊ देत नाही, आणि त्या दाबात हवा-पेट्रोलचं प्रमाण १२च्या (एका भाग पेट्रोलला १२ भाग हवेच्या) खालीच ठेवलंय. त्याच्यावर नजर ठेवायला एक मीटर परत आला. तो एकच.

पटत नसूनही तुम्ही पहिल्या स्टार्टला आलात. इंजेक्टरचे कपलर काढून, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत नुसता स्टार्टर फिरवायला लावलात, टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरू नये म्हणून. जोरात चालवून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, थोडा वेळ आयडलवर ठेवायची, नाहीतर आतलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो, हेही बजावलंत. तेवढं बोलून निघून गेलात, चहासुद्धा न घेता.

तुमची टायमिंग गन आणि गेज अजून माझ्याकडेच आहेत, या रविवारी आणून देतो. गाडी घेऊनच येईन. वेग ६०च्या पुढे गेला की मागून बारीक घूंऽऽ असा आवाज येतो आणि डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) सील जरा ओलं दिसतंय. ऑइल बदलून बघू की सरळ उघडू, ते तुम्ही ऐकून सांगा. तोवर काही काढत नाही.

तुमचा,
स्टुलासमोरचा हेल्पर