नंद्या, मस्करेन्हसचं ऐक

पुणे

प्रिय नंद्या,

परवा फोनवर तू करवादला होतास म्हणून नीट बोलता आलं नाही. रात्रभर जागून सरपंच चषकाचं लाइव्ह करायचं, कॅमेरे तुझे, जनरेटरचं डिझेल तुझं, कॉमेंट्रीवाल्याचं जेवण तुझं, आणि मंडळवाले म्हणतात, 'स्पॉन्सर मिळाला की बघू.' तेव्हापासून मार्क मस्करेन्हस डोक्यात आहे. सचिनचा तो एजंट, गोल चेहऱ्याचा, आठवतो? तू म्हणशील, कुठे तो आणि कुठे मी. तरी ऐक.

बंगळुरूचा माणूस. अमेरिकेत गेला, तिथल्या सीबीएस या टीव्ही चॅनेलमध्ये खेळांच्या प्रक्षेपणाचं काम शिकला आणि कनेक्टिकटमध्ये स्वतःची 'वर्ल्डटेल' कंपनी काढली. तेव्हा आपल्याकडचा मामला काय होता? एकटं दूरदर्शन. षटकाचा शेवटचा चेंडू जाहिरातीच्या पोटात जायचा आणि आपण रेडिओ लावून विकेट पडली का ते बघायचो. त्यात गंमत म्हणजे मॅच दाखवायची म्हणून दूरदर्शनच क्रिकेट बोर्डाकडे पैसे मागायचं! १९९३ला इंग्लंडचा संघ इकडे आला, तेव्हा बोर्डाने प्रक्षेपणाचे हक्क एका खासगी कंपनीला विकले. मग त्याच वर्षीच्या हीरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बोर्ड आणि दूरदर्शनचं भांडण पेटलं, कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या आहेत, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. दार उघडलं आणि मार्क बाहेर उभाच होता.

१९९६च्या विश्वचषकाचे जगभरचे हक्क त्याने साधारण एक कोटी डॉलरला उचलले. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, तीन देशांनी मिळून भरवलेली स्पर्धा. आकडा ऐकून लोक हसले असतील, पण मला आकड्यापेक्षा त्याची पद्धत आवडते. तुमच्याकडे व्यापारी मोहोर बघून आंब्याची बाग घेतो ना, तसं. फळ धरलं नाही तर खोट त्याची, बागवाल्याचे पैसे ठरलेले. मार्क आयोजकांना आधी हमी द्यायचा, मग देशोदेशी चॅनेलांना हक्क विकत बसायचा. आपल्याकडे गिऱ्हाईक पुन्हा दूरदर्शनच!

सचिनशीही तोच हिशेब. रवी शास्त्रीने दोघांची गाठ घालून दिली आणि १९९५मध्ये पाच वर्षांचा करार झाला. पेपरात आकडा आला तीस कोटींच्या घरातला. पोरगा बावीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा लोक अंक मोजून शून्यं तपासत होते. जाहिराती मिळोत न मिळोत, सचिनला पैसे मिळणारच होते.

आता ती बॅट आठव. त्याच विश्वचषकात कित्येकांच्या बॅटवर सिगरेटच्या ब्रँडची नावं, आणि सचिनची बॅट कोरी. तंबाखू-दारूची जाहिरात करणार नाही असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. त्या कोऱ्या बॅटने त्याने ५२३ धावा काढल्या, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. एमआरएफचं स्टिकर नंतर आलं. मार्कच्या बाजूने विचार कर: देशातली सगळ्यांत महाग जागा ताब्यात, कॅमेरा दर चेंडूला तिच्यावर, आणि ती रिकामी! एखाद्या कच्च्या माणसाने महिन्याभरात पोराला पटवायला सुरुवात केली असती.

संत नव्हता हां तो. १९९८च्या ढाक्याच्या स्पर्धेचे हक्क दूरदर्शनला विकले, त्या व्यवहारावर सीबीआयची चौकशी लागली. सरकारी चॅनेल आणि खासगी दलाल एका टेबलाला बसले की माझा तरी कोणावरच पटकन विश्वास बसत नाही. पण खेळाडूचा शब्द आणि खेळाडूची किंमत, दोन्ही सांभाळणारा असा माणूस आपल्याकडे त्याआधी नव्हता, एवढं मी भांडून सांगेन.

२००१मध्ये सचिनशी नवा, कितीतरी मोठा करार झाला. आणि २७ जानेवारी २००२ला नागपूरजवळ गाडीचा अपघात होऊन मार्क गेला. वय ४४. दुसऱ्या दिवशी कानपूरला इंग्लंडविरुद्ध मॅच होती. सचिन खेळला, नाबाद ८७.

तर तुझं. पुढच्या हंगामात मंडळापुढे हात पसरू नकोस. तूच त्यांना लहानशी रक्कम कबूल कर, झेपेल एवढीच, आणि लाइव्हचे, स्कोअरपट्टीचे, बाउंड्रीवरच्या बॅनरचे हक्क कागदावर लिहून घे. सरपंचाची सही हवी, नुसती मान हलवलेली चालणार नाही. मग पेंटवाले, सिमेंटवाले, टीमांचे मालक, ज्याला विकायचं त्याला वीक. एकाच स्पर्धेवर कर, सगळ्या तालुक्यावर उडी नको. आणि वहिनीचे दागिने यात आणायचे नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

कागदाचा मसुदा पाठव, आमच्या ओळखीतल्या वकिलाला दाखवतो. आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
अव्या